अमाइनचं ऑक्सिडीकरण: ऑक्सिजन जोडला जातोच असं नाही

‘ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिजन जोडणं’ ही शाळेतली व्याख्या अमाइनांपाशी येऊन अडते. बेंझिलअमाइन घ्या. तांब्याचा क्षार किंवा सोन्याचे नॅनोकण उत्प्रेरक म्हणून वापरून ते ऑक्सिजनबरोबर तापवलं, की बहुधा इमाइन मिळतं आणि त्यात ऑक्सिजनचा एकही अणू नसतो. ऑक्सिजन हायड्रोजन ओढून घेतो आणि शेवटी पाणी होऊन बाजूला होतो.

उत्प्रेरक फक्त वेग वाढवतो, हा समज याहून खोल रुजलेला आहे. वाट एकच असेल तर ते पुरेसं खरं; इथे वाटा अनेक आहेत. दोन हायड्रोजन निघाल्यावर तयार होणारं पहिलं इमाइन फार चंचल असतं. शिल्लक अमाइनचा रेणू त्याच्याशी जोडला गेला, तर अमोनिया सुटतो आणि दुहेरी, स्थिर इमाइन बनतं. पाण्याने आधी गाठलं, तर बेंझाल्डिहाइड. दोघांच्याही आधी आणखी दोन हायड्रोजन काढले गेले, तर बेंझोनायट्राइल. ॲल्युमिनावर बसवलेलं रुथेनियम हे शेवटचं काम करतं. यामागुची आणि मिझुनो या जपानी संशोधकांनी ते २००३ मध्ये दाखवलं. कोणती वाट वेगवान करायची हे उत्प्रेरकाच्या हाती असतं, म्हणून हाती येणारा पदार्थच बदलतो. या विषयाचं खरं सौंदर्य मला इथेच दिसतं.

म्हणूनच, अमाइन संपलं म्हणजे प्रयोग जमला, असं मानू नये. ९० टक्के अमाइन बदललं आणि त्यातलं निम्मंच हव्या त्या पदार्थात गेलं, तर उतारा ४५ टक्केच.

ऑक्सिडीकरणासाठी हवेतला ऑक्सिजनच वापरतात असं नाही. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने ॲनिलिनवर पोटॅशियम डायक्रोमेट वापरून मॉव्ह हा जांभळा रंग मिळवला. अशा ऑक्सिडकांमागे क्रोमियमचा कचरा उरतो. हवेमागे तो उरत नाही. पण म्हणून हवा निर्धोक ठरत नाही. द्रावकाची वाफ आणि ऑक्सिजन मिळून स्फोटक मिश्रण होऊ शकतं. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर काम करताना ऑक्सिजन अनेकदा नायट्रोजनमध्ये पातळ करून देतात.

धातूचा उत्प्रेरक लागतोच, हेही खरं नाही. एन-मिथिलमॉर्फोलिनसारख्या तृतीयक अमाइनवर हायड्रोजन पेरॉक्साइड धातूशिवायही चालतं, आणि इथे मात्र ऑक्सिजन थेट नायट्रोजनवर बसतो. हे एन-ऑक्साइड सेल्युलोज विरघळवतं. लायोसेलचा धागा त्यातूनच निघतो. तिथे तांब्या-लोखंडाचे अंशसुद्धा धोक्याचे, कारण ते द्रावकाच्या विघटनाला चालना देतात. म्हणून त्यात प्रोपिल गॅलेटसारखं स्थिरक मिसळतात.