स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी निवासगृह निवडताना

आपल्या समाजातील जी पिढी गिरण्यांत, रेल्वेत, गोदीत आणि महापालिकेत राबली, जिने अर्धपोटी राहून मुलांच्या हाती पाटी-पुस्तक दिले, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. आयुष्यमान वाढले ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु वयाबरोबर एक दुखणेही घरोघरी शिरले आहे. डॉक्टर त्यास डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश. आपण मात्र "म्हातारचळ लागला" असे म्हणून मोकळे होतो आणि तेथेच पहिली गफलत होते. कारण म्हातारपण हा आजार नव्हे, पण स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे. त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढील शंभर माणसांत सात जणांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या आजाराने ग्रासलेले आहेत.

हा आजार केवळ विसरण्याचा नाही. आधी नावे जातात, मग वाटा जातात. पुढे दिवस-रात्रीचे भान, संडास-लघवीचे भान आणि शेवटी घास गिळण्याची क्रियादेखील बिघडते. हे सारे काही वर्षे चालते. तोवर घरातील एक माणूस, बहुधा सून किंवा मुलगी, रात्रंदिवस बांधली जाते. आमच्या घरी आमच्या थोरल्या आत्या आहेत. महापालिकेच्या दवाखान्यात आयाबाई म्हणून त्यांनी एकतीस वर्षे परक्यांची सेवा केली. मूलबाळ नाही, पेन्शन आहे. आम्ही बँकेत, आमच्या सौ. शाळेत, मुले कॉलेजात. आत्या पहाटे तीन वाजता "ड्युटीला उशीर झाला" म्हणून कडी काढून निघू लागल्या. दोनदा त्या स्टेशनवर सापडल्या. तेव्हा निवासगृहाचा विचार करणे भाग पडले.

हा विचार नुसता बोलून दाखविला तरी नातेवाईक म्हणतात, "आश्रमात टाकता काय?" हा शब्द फार लागतो. परंतु टाकणे वेगळे आणि नीट पारखून सोपविणे वेगळे. ज्याला टाकायचे असते तो ठिकाण पाहत नाही, तो फक्त दर विचारतो. आम्ही चार महिन्यांत सात ठिकाणे पाहिली. त्यातून जे शिकलो ते समाजबांधवांच्या व विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे, म्हणून येथे क्रमाने मांडीत आहोत.

आधी आपल्या माणसाचा कागद

निवासगृह चांगले की वाईट हा प्रश्न अर्धवट आहे. ते आपल्या माणसासाठी चांगले आहे का, हा खरा प्रश्न. म्हणून प्रथम घरी बसून एक कागद करावा. माणूस स्वतः चालतो का? पडतो का? रात्री किती वेळा उठतो? बाहेर निघून जातो का? जेवताना ठसका लागतो का? कपडे ओले होतात का? मधुमेह, रक्तदाब, कोणत्या गोळ्या? कशाने चिडतो आणि कशाने शांत होतो? आत्यांच्या कागदावर आम्ही लिहिले होते: रात्री उठतात, दाराकडे जातात, आंघोळीला अनोळखी बाई नको, घड्या घालायला कपडे दिले की तासभर रमतात.

हा कागद हाती असला की बोलणे मुद्द्याचे होते. "आम्ही सगळ्यांना सांभाळतो" या उत्तरावर समाधान मानू नये. "रात्री तीनला आत्या दाराकडे गेल्या तर कोण जागे असेल आणि ते काय करील?" असे विचारावे.

छोट्या गृहाचे गुण व उणिवा

आपल्या ऐपतीत बसणारी बहुतेक ठिकाणे छोटी असतात. शहराबाहेर एखादा बंगला, दहा-पंधरा माणसे, चार-पाच सेविका. याचा मोठा गुण असा की चेहरे तेच ते राहतात. ज्याची स्मृती गेली त्याला नाव आठवत नाही, पण ओळखीचा आवाज व स्पर्श बराच काळ धीर देतो. उणीव अशी की सारा डोलारा दोन-तीन माणसांवर उभा असतो. एक सेविका गावी गेली की रात्र उघडी पडते. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी मालकीणबाई अतिशय प्रेमळ होत्या, अंगण स्वच्छ होते. परंतु रात्री चौदा माणसांमागे एकच मुलगी होती आणि तीही दिवसभर काम करून थकलेली. प्रेमळपणा खरा होता, पण तेवढ्यावर रात्र निघत नाही. तेव्हा "किती माणसे कामाला आहेत?" एवढेच न विचारता "दिवसा किती, रात्री किती, आणि एखादी आली नाही तर तिच्या जागी कोण?" हे तिन्ही विचारावे.

केव्हा जावे

पहिल्यांदा वेळ ठरवून जावे, दुसऱ्यांदा न सांगता. एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान अवश्य जावे. या आजारात दिवे लागणीच्या सुमारास पुष्कळ माणसे अस्वस्थ होतात, "घरी जायचंय" म्हणू लागतात. त्या वेळी सेविका काय करतात, यात त्या गृहाची खरी परीक्षा असते. एका ठिकाणी सहा वाजताच सर्वांना एकाच कापडाचे गाऊन चढवून टीव्हीसमोर बसविलेले आम्ही पाहिले. टीव्हीकडे कोणाचेही लक्ष नव्हते, माना छातीवर पडलेल्या होत्या. दुसऱ्या ठिकाणी एक आजोबा दार हलवीत होते आणि सेविका त्यांचा हात धरून "चला, आधी चहा घेऊ, मग जाऊ" म्हणत अंगणात फेरी मारीत होती. दोन्ही ठिकाणचा दर जवळजवळ सारखाच होता.

काय पाहावे

नाकापासून सुरुवात करावी. क्वचित लघवीचा वास येणे समजण्यासारखे आहे, पण तो गाद्यांत व भिंतींत मुरलेला नसावा. फिनेलचा भपकाराही शंकास्पद समजावा. मग संडास-न्हाणीघर पाहावे. कमोड आहे का, धरायला भिंतीला दांडी आहे का, फरशी घसरडी आहे का, कडी बाहेरून उघडता येते का, रात्री दिवा राहतो का. पडून खुब्याचे हाड मोडले की अशा माणसाचे पुन्हा उभे राहणे फार कठीण. तळमजला असेल तर उत्तम. पाण्याच्या टाकीचे झाकण, स्वयंपाकघराचे दार, फाटकाची कडी नजरेखालून घालावी. आग लागली तर फाटकाची किल्ली कोणाकडे, हेही विचारावे.

त्यानंतर माणसे पाहावीत. नखे कापलेली, दाढी केलेली, कपडे ज्याचे त्याच्या अंगावर आहेत का? भरविणारी बाई खाली बसून, डोळ्यांत पाहून भरविते की उभ्याने घास कोंबते? पडून असलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून देतात का? नाही तर पाठीला व टाचांना जखमा होतात. महिन्याला वजन करून वहीत लिहितात का? वजन सतत घटणे ही धोक्याची घंटा आहे.

आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. आडनाव ऐकून एका ठिकाणी आम्हांला "म्हणजे तुमचे मूळ कोणते?" असे विचारले गेले. ज्या माणसाला आता स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्याला अशा नजरेच्या हवाली करू नये. सर्वांची ताटे-पेले एकाच मांडणीतून येतात का आणि एकाच ठिकाणी घासली जातात का, हे स्वयंपाकघरात उभे राहून पाहावे. उशाशी आपल्या श्रद्धेची तसबीर ठेवू देतील का, हेही मोकळेपणाने विचारावे.

बांधणे आणि गुंगी

हे दोन प्रश्न विचारावयास संकोच वाटतो, पण तेच सर्वांत महत्त्वाचे. पहिला: माणसाला खुर्चीला वा पलंगाला बांधता का? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. या कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थांत तात्काळ धोका टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने व नोंद करून, माणसास आवरून धरता येते. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून कधीही नाही. ओढणीने बांधून ठेवणे ही सोय झाली, सेवा नव्हे.

दुसरा: झोपेच्या किंवा शांत करण्याच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून देता? स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मनोविकारावरील काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिलेला आहे. कधी कधी अशी गोळी लागतेही. परंतु ती डॉक्टरांनी लिहिलेली असावी, घरच्यांना कळविलेली असावी आणि ठरावीक काळाने तिचा फेरविचार व्हावा. औषधांची वही पाहावयास मागावी. ती दाखविण्यास जे गृह टाळाटाळ करते, तेथे पुढे जाऊ नये.

त्याचबरोबर डॉक्टर किती दिवसांनी येतात, जवळचे रुग्णालय किती दूर, रात्री गाडी कोणाची, रुग्णालयात सोबत कोण राहणार, हेही लिहून घ्यावे. विश्वस्त संस्थेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर असला म्हणजे सेवा चांगली असा अर्थ होत नाही. मनोरुग्णांची वा स्मृतिभ्रंशाची माणसे ठेवण्यासाठी कोणत्या कायद्याखाली नोंदणी आहे, असे स्पष्ट विचारून कागद पाहावा.

पैसा व कागदपत्रे

या बाबतीत आम्ही काउंटरवर रोज जे पाहतो ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. गृहाची अनामत किती, ती परत मिळते का, किती दिवसांत? महिन्याच्या दरात लंगोट, औषधे, धोबी, डॉक्टर धरले आहेत की वेगळे? दर केव्हा वाढतो? माणूस रुग्णालयात असला किंवा त्याचे निधन झाले तर त्या महिन्याचे काय? सारे लेखी घ्यावे व प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. पेन्शनरचे एटीएम कार्ड व पिन गृहाच्या स्वाधीन कदापि करू नये.

पुष्कळ लोक कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की असा अधिकार संपुष्टात येतो. म्हणजे ज्या वेळेसाठी तो कागद केला त्याच वेळी तो निरुपयोगी ठरतो. नंतर न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. म्हणून आजाराचे निदान लवकर झाले असेल आणि माणसाला अजून समजते आहे, तोवरच त्याच्या इच्छेने वारसनोंद, संयुक्त खाते व मृत्युपत्र करून घ्यावे. पेन्शनच्या खात्यास दुसरे नाव लावण्याचे नियम वेगळे असतात, ते आपल्या शाखेत विचारावेत. हयातीचा दाखला वेळेवर द्यावा, नाही तर पेन्शन थांबते. २०१७ सालापासून सत्तरीवरील ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्यांचा लाभ हक्काने मागावा.

सोपविल्यानंतर

एकदम कायमचे न ठेवता आधी आठ-पंधरा दिवस राहून पाहावे. सोबत जुनी गोधडी, नेहमीचा पेला, दोन-तीन फोटो द्यावेत. आणि एका पानावर त्या माणसाची ओळख लिहून द्यावी: काय काम केले, कोणत्या गावचा, कोणती हाक आवडते. आत्या "आजी" म्हटले की वळत नाहीत. "जयभीम, आत्या" म्हटले की लगेच वळून जयभीम करतात. हे कागदावर होते, सेविकेने ते वाचले आणि आंघोळीचा रोजचा तंटा मिटला.

"येथे बरे वाटते का?" असे आपल्या माणसास विचारून उपयोग नसतो, तो त्या क्षणाचे उत्तर देतो. त्यापेक्षा अंगावर काळे-निळे डाग आहेत का, एखादी व्यक्ती जवळ येताच तो दचकतो का, कपडे सैल झाले आहेत का, हे पाहावे. आणि भेटीचा वार-वेळ ठरवून टाकू नये. ज्याच्याकडे केव्हाही कोणी येऊ शकते, त्याची काळजी अधिक घेतली जाते, हे कटू असले तरी सत्य आहे.

सर्व कसोट्यांवर उतरणारे ठिकाण आम्हांला मिळाले नाही. जे निवडले त्याची रंगरंगोटी जुनी आहे, रुग्णालयही वीस मिनिटांवर आहे. पण तेथे रात्री दोन बायका जाग्या असतात, औषधांची वही मागताच समोर येते आणि आत्यांच्या पुढ्यात रोज दुपारी घड्या घालण्यासाठी धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. कोणत्या उणिवा चालतील आणि कोणत्या मुळीच चालणार नाहीत, हे आधी ठरविलेले असले की निवड करता येते.

शेवटी एक सूचना. आपल्या संस्थेच्या सभासदांत अशी कुटुंबे किती आहेत याची साधी यादी करावी. ज्यांनी निवासगृहे पाहिली आहेत त्यांनी आपली माहिती एका वहीत नोंदवावी, म्हणजे पुढच्या कुटुंबास पुन्हा सात दारे ठोठवावी लागणार नाहीत. विद्यार्थी मित्रांनी महिन्यातून एक तास अशा एखाद्या वृद्धाजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवावे. अडचण, हेळसांड वा छळ दिसल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तो क्रमांक घराघरांत लिहून ठेवावा. ज्यांनी आपल्याला अक्षरे दिली त्यांची अक्षरे आज पुसली जात आहेत. त्यांना कोणाच्या हाती द्यायचे हे डोळे उघडे ठेवून ठरविणे, एवढे तरी आपल्याला करता येण्यासारखे आहे.