विमानाऐवजी रस्त्याने : स्वयंसेवकांची आफ्रिकेतील परतीची वाट

परदेशातील स्वयंसेवेची मुदत संपली, की संस्था स्वयंसेवकाला मायदेशी जाण्याचे विमानतिकीट देते. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’ या सरकारी संस्थेत मात्र तिकिटाऐवजी तेवढी रक्कम रोख घेण्याची मुभा आहे. आफ्रिकेत काम केलेले अनेक तरुण या मुभेचा लाभ घेतात. ही रोख रक्कम आणि सेवाकाळात महिन्यागणिक साठत गेलेला पुनर्वसन भत्ता खिशात घालून ते बस, रेल्वे आणि बोटीने खंड ओलांडू लागतात. गेल्या सहा दशकांत या प्रवासाची एक परंपराच निर्माण झाली आहे.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी पीस कोअरची स्थापना केली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानामध्ये उतरली. (भारतातही या संस्थेचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात होते.) सेवेची मुदत २७ महिन्यांची, त्यातील पहिले तीन महिने प्रशिक्षणाचे. या काळात स्वयंसेवकावर संस्थेचे बारीक लक्ष असते. गाव सोडायचे तर कळवावे लागते आणि खास परवानगीवाचून मोटारसायकलवर बसता येत नाही. आजारपणात संस्थेचा डॉक्टर असतो, दंगल उसळली तर बाहेर काढण्याची व्यवस्था असते. मुदत संपताच ही बंधने गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर ते छत्रही जाते. परतीचा प्रवास मोहक वाटतो तो याच मोकळिकीमुळे, आणि त्यातील धोकाही तिथेच आहे. गावातील दोन वर्षांच्या अनुभवाने आलेला आत्मविश्वास शेजारच्या देशात कितपत उपयोगी पडेल, हे सीमा ओलांडल्याशिवाय कळत नाही.

आफ्रिकेत एका देशातून शेजारच्या देशात जमिनीवरून जाणे अवघड का, याचे उत्तर नकाशात आहे. वसाहतवादी सत्तांनी रेल्वे बांधली ती खाणी आणि मळ्यांतील माल बंदरावर पोहोचवण्यासाठी. मोंबासा, दार-ए-सलाम, बैरा, लोबितो, डाकार अशी प्रत्येक मार्गाची दिशा समुद्राकडे. शेजारी देशांनी एकमेकांशी जोडले जावे, हा हेतू त्यात नव्हता. केपपासून कैरोपर्यंत रेल्वे नेण्याचे ऱ्होड्सचे स्वप्नही अपुरेच राहिले. त्यामुळे उत्तर-दक्षिण जाणारा प्रवासी, लाकडाच्या रेषांना आडवी करवत चालवावी तसा, या सर्व मार्गांना छेदत जातो.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो स्वयंसेवकांच्या विशेष आवडीचा. दार-ए-सलामपासून झांबियातील कापिरी म्पोशीपर्यंत जाणारी १,८६० किलोमीटर लांबीची ‘ताझारा’ रेल्वे. नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि समुद्रकिनारा नसलेल्या झांबियाच्या तांब्याची वाट अडचणीत आली. पाश्चात्त्य देशांनी नव्या मार्गासाठी पैसा देण्याचे नाकारले, तेव्हा चीनने तो १९७० ते १९७५ या काळात बांधून दिला. यातही एक गंमत आहे. टांझानियाची जुनी रेल्वे मीटरगेज, म्हणजे १,००० मिलिमीटरची. ताझारा मात्र झांबियाशी जुळावी म्हणून १,०६७ मिलिमीटरची. अवघ्या ६७ मिलिमीटरच्या फरकामुळे एकाच देशातील दोन रेल्वेंचे डबे परस्परांच्या रुळांवर धावू शकत नाहीत. ताझाराचा प्रवास कागदावर सुमारे दोन दिवसांचा. प्रत्यक्षात तो किती लांबेल याचा नेम नाही, आणि कधी गाडी सुटतच नाही. वाटेत अभयारण्यातून जाताना खिडकीतून जिराफ दिसतात, हे आकर्षण खरेच. पण दोन देशांतील व्यापारी बायका, त्यांची पोती आणि स्थानकागणिक बदलणारी भाषा यांच्या सहवासात जे उमगते, ते सफारीच्या गाडीत बसून उमगणारे नाही. या मार्गाच्या पुनरुज्जीवनासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये चीन, टांझानिया व झांबिया यांनी बीजिंगमध्ये सामंजस्य करार केला.

रेल्वे नसेल तिथे मिनीबस. केनियात तिला ‘मटाटू’ म्हणतात, टांझानियात ‘डालाडाला’, घानामध्ये ‘ट्रोट्रो’. नाव कोणतेही असो, नियम एकच : गाडी भरल्याशिवाय हलत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील वडापमधून प्रवास केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

भाषेची शिदोरीही सर्वांना सारखी पुरत नाही. टांझानियात स्वाहिली शिकलेल्याला ती मोंबासापासून पूर्व काँगोपर्यंत साथ देते. मलावीत चिचेवा शिकलेला झांबियात गेला, तर तीच भाषा त्याला न्यांजा या नावाने भेटते. एखाद्या डोंगराळ भागातली छोटी बोली आत्मसात केलेल्याची विद्या मात्र दोन तासांच्या बसप्रवासातच संपते. मराठी माणसाला स्वाहिलीत ओळखीचे शब्द आढळतील : ‘दुका’ म्हणजे दुकान, ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘पेसा’ म्हणजे पैसा. हिंदी महासागरावरील जुन्या व्यापाराच्या आणि १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधणाऱ्या हजारो भारतीय मजुरांच्या या खुणा.

सीमेवरचे व्यवहार रुक्ष, पण निर्णायक. पीतज्वराच्या लशीचा पिवळा दाखला नसेल तर अनेक ठिकाणी अडवणूक होते. जुन्या छपाईच्या डॉलरच्या नोटा बहुधा नाकारल्या जातात. केनिया, युगांडा व रवांडा यांचा ९० दिवसांचा सामाईक व्हिसा २०१४ पासून मिळू लागला, ही मोठीच सोय. झांबिया-बोत्सवाना सीमेवर झांबेझी नदी पार करण्यासाठी पूर्वी तराफ्याची वाट पाहत मालमोटारी दिवसेंदिवस खोळंबत. तेथील ९२३ मीटर लांबीचा काझुंगुला पूल मे २०२१ मध्ये खुला झाला. झिंबाब्वेच्या हद्दीला स्पर्श होऊ नये म्हणून तो चक्क वळवून बांधलेला आहे.

ही वाट केवळ साहसाची नाही, हिशेब मांडण्याचीही आहे. लेखक पॉल थरू १९६३ मध्ये पीस कोअरमार्फत मलावीत शिक्षक म्हणून गेले. हेस्टिंग्ज बंडा यांच्या राजकीय विरोधकाला मदत केल्यावरून १९६५ मध्ये त्यांना संस्थेतून काढण्यात आले. पुढे २००१ मध्ये कैरोहून केपटाऊनकडे बव्हंशी जमिनीवरून जाताना ते आपल्या जुन्या शाळेत थांबले आणि तिची दुरवस्था पाहून विषण्ण झाले. परदेशी मदतीवर त्यांनी ‘डार्क स्टार सफारी’ या पुस्तकात केलेली टीका अनेकांना एकांगी वाटली आणि ती काहीशी तशी आहेही. पण आपण शिकवले त्याचे पुढे काय झाले, हे पाहायला परत जाण्याचे धैर्य फार थोडे स्वयंसेवक दाखवतात.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे पीस कोअरने जगभरातील आपले सर्व स्वयंसेवक काही दिवसांत परत बोलावले. त्या तुकडीच्या वाट्याला गावाचा धड निरोपही आला नाही, मग रस्त्याचा प्रवास कुठला! दोन वर्षांनी स्वयंसेवक पुन्हा जाऊ लागले, तरी वाटा पूर्वीच्या राहिल्या नाहीत. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये यादवी पेटली आणि वादी हाल्फाहून आस्वानला जाण्याचा रूढ मार्ग प्रवाशांच्या आराखड्यातून निघून गेला. पश्चिमेकडे माली, बुर्किना फासो व नायजर येथील हिंसाचारामुळे सहारा ओलांडणारे मधले मार्गही टाळावे लागतात. उरतो तो मॉरिटानियातून मोरोक्कोकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता. म्हणून मलावी किंवा टांझानियातून निघणारे बहुतेक जण आता दक्षिणेचीच दिशा धरतात. ज्यांना कैरो गाठायचेच आहे, ते नैरोबी किंवा आदिस अबाबापर्यंत रस्त्याने जातात आणि पुढचा टप्पा विमानाने उडून पार करतात.