लातूर-नांदेड, रोज, 159 दिवस

सायकलवाल्यांनो, लातूर ते नांदेड साधारण 140 किमी. मागच्या हिवाळ्यात मी हे अंतर एका दिवसात कापलं. अहमदपूरला चहा, आणि लोह्यापुढे समोरचा वारा असा की हँडल हातात थरथरत होतं. मांड्या दोन दिवस बोलत होत्या. आता हेच अंतर, वर आणखी चाळीसेक किमी, रोज, 159 दिवस!

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करताना हेच केलं, तेही विसाव्या वर्षी. जुलैत ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली, डिसेंबरात कोलकात्याला पोचली. 14 देश, सुमारे 29,000 किमी, त्यातला बहुतेक प्रवास एकटीने. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, रशियात उणे 20 अंशांत रात्री काढल्या. मला सगळ्यात भिडते ती स्पेननंतरची गोष्ट. लुटली गेल्यावरही पोरगी पुन्हा सायकलवर बसली.

हा आकडा 29,000 च का? गिनीजच्या नियमानुसार पृथ्वीप्रदक्षिणेत किमान 18,000 मैल सायकलनेच कापावे लागतात, आणि वाटेत पृथ्वीगोलावर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध असलेली दोन ठिकाणं गाठावी लागतात. समुद्र विमानाने ओलांडलेला चालतो. घरातला पृथ्वीगोल घ्या, स्पेनवर बोट ठेवा आणि पलीकडून दुसरं. न्यूझीलंड सापडेल. मुलांसोबत करून बघाच.

रविवारी पहाटे साडेपाचला औशाकडे निघतोय. मागचा लाल दिवा आणि जास्तीची ट्यूब आणा.