'विन्मुख' शब्दाचा अर्थ व उपयोग

आम्ही शाळेंत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें निबंधांत 'दारीं आलेल्यास विन्मुख पाठवूं नये' असें लिहिलें होतें. आम्हीं त्यांतील 'न्' तांबड्या शाईनें खोडून 'विमुख' केलें व अर्धा गुण कापिला. व्याकरणदृष्ट्या आमची बाजू बळकट होती. 'उद्' व 'मुख' यांच्या संधींत द् चा न् होऊन 'उन्मुख' साधतो. 'वि' हा उपसर्ग स्वरान्त, तेव्हां तेथें न् येण्यास कारणच नाहीं. तथापि चूक आमची होती, असें आतां आमचें मत झालें आहे.

रूपाविषयीं फार लिहावयास नको. उन्मुख, पराङ्मुख व मराठीनें संमुखाचें केलेलें सन्मुख, या सर्वांत मुखापूर्वीं अनुनासिक आहे. त्यांच्या सहवासानें विमुखासही न् चिकटला असावा. खरा प्रश्न अर्थाचा आहे.

संस्कृतांत विमुख म्हणजे ज्याचें तोंड वळलें आहे तो. तो दाता कीं याचक, हें शब्दावरून ठरत नाहीं. मेघदूतांतील आम्रकूट पर्वत आश्रयार्थ आलेल्या मेघास विमुख होणार नाहीं, असें यक्ष सांगतो. तेथें तोंड यजमानाचें. भागवताच्या दशम स्कंधांत, २२ व्या अध्यायांत, श्रीकृष्ण वृक्षांची थोरवी गातो. तेथें जे विमुख होऊन परतत नाहींत ते याचक. मराठीनें ही संदिग्धता मोडली. 'कर्तव्यविमुख' म्हणजे स्वतः तोंड फिरविणारा; 'विन्मुख' म्हणजे ज्याला तें फिरवावें लागलें तो. जो न् आम्हीं खोडला, तोच हा भेद वाहत होता!

विन्मुख होण्यास आधीं आशेनें येणें लागतें. सावकाराचा कारकून वसुलीवांचून परतला, तर तो विन्मुख गेला असें कोणी म्हणत नाहीं. तो हात हालवीत गेला. शिवाय विशेषण अतिथीचें असलें, तरी दोष घराला लागतो. गुरुचरित्रांतील अनसूयेची कथा याच भयावर उभी आहे: तिन्ही देव अतिथिरूपानें येऊन विवस्त्र होऊन वाढण्याची अट घालतात, आणि अतिथि विन्मुख गेला तर तपाची हानि, हा तिच्यापुढील पेंच. भिक्षेकऱ्यास 'नाहीं' न म्हणतां 'पुढें जा' म्हणणाऱ्या गृहिणीच्या मनांतही तेंच भय असतें.

मात्र दारावरून परतविलेल्या प्रत्येकास हा शब्द लावूं नये. २ मार्च १९३० रोजीं नाशिकास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. एका व्याख्यानांत ते सत्याग्रही 'विन्मुख झाले' असें आम्हीं ऐकिलें. वक्त्याचा हेतु सहानुभूतीचाच होता. पण त्यामुळें सत्याग्रही याचक ठरले आणि मंदिरप्रवेश ही भिक्षा ठरली. ते हक्क मागत होते. त्यांना मज्जाव झाला, हेंच म्हणणें योग्य. चोखोबांविषयीं लिहितांनाही हें भान क्वचितच दिसतें.

कोशकारांस आमची विनंती एवढीच, कीं 'विन्मुख' हें विमुखाचें अशुद्ध रूप म्हणून नोंदवूं नये. त्यास स्वतंत्र स्थान व स्वतंत्र अर्थ द्यावा.