जिनिंगचा नकाशा

सकाळी ९.०० – कापसाचा हंगाम लागला की बोदवडच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या आणि माझ्या टेबलावर जिनिंगचे नकाशे एकदमच येतात. आजच्या शेठना आग लागली तर बाहेर पडायच्या वाटा आणि हायड्रंट दाखवणारा तक्ता भिंतीवर लावायचाय. मूळ नकाशा जळगावच्या ड्राफ्ट्समनकडून ऑटोकॅडमध्ये आलाय. तक्ता करायचा व्हिजिओत.

९.३० – फाइल उघडत नाही. ती बिघडली असं लगेच धरायचं नाही. नोटपॅडमध्ये टाकली की नुसता कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात: एसी१०३२. म्हणजे ऑटोकॅड २०१८चा फॉरमॅट. माझा व्हिजिओ २०१०चा, त्याला तो कुठून कळणार! ऑटोडेस्कच्या फुकट मिळणाऱ्या ट्रूव्ह्यूमधून फाइल २००४च्या फॉरमॅटला उतरवली. उघडली.

१०.१५ – उघडली, पण ३० मीटरचा हॉल ७६२ मीटरचा झालाय. मिलिमीटरचे आकडे इंच समजून वाचले की सगळं २५.४ पट होतं. पुष्कळ जण इथं कोपरा धरून अंदाजानं ओढत बसतात. मग होजपाइप शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो का, ते या कागदावर मोजणार कसं? कॅड ड्रॉइंगच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एकक बदललं, प्रमाण १:२०० ठेवलं.

११.०० – भिंती आहेत, आत काहीच नाही. डबल रोलरच्या रांगा गायब, प्रेस गायब. एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेली फाइल, सोबत आली नाही की असं होतं. जळगावला फोन लावला.

“दादा, मशिनरी एक्सरेफमध्ये आहे का? बाइंड करून पाठवा ना.”

“हो, वेगळ्या फाइलीत हे. चहा घेतो अन् पाठवतो.”

चहा दुपारपर्यंत चालला. मधे लाइट गेली. शेठचा फोन: “भाऊ, झाला का? माले जयगावले जानं हे.” म्हटलं, संध्याकाळी या.

२.०० – मशिनरी आली. नावं मात्र अगम्य. ‘रुई गोदाम’च्या जागी रोमन अक्षरं नि चिन्हं, कारण मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला आणि तो फाँट माझ्याकडे नाही. पीडीएफ मागवली, समोर ठेवून सगळी नावं मंगलमध्ये नव्यानं टाइप केली. कन्व्हर्टर शोधण्यापेक्षा हे लवकर होतं. शिवाय आगीच्या तक्त्यावर एखादं नाव चुकून चालत नाही.

३.३० – आता खरं काम. ‘कन्व्हर्ट’ दाबायचा मोह होतो, तो आवरायचा. भिंतींमधल्या हॅचची रेघ न् रेघ वेगळा शेप झाली की कॉम्प्युटर मान टाकतो. मला रंगवायची आहेत फक्त दारं नि मशीनं. तेवढेच दोन लेअर रूपांतरित केले, हॅच रूपांतरित करायच्या पर्यायावरची खूण काढून टाकली. उरलेला नकाशा लॉक करून खाली तसाच ठेवला आणि वर हिरवे बाण काढले. माझ्या मते निम्म्या तक्रारी सगळंच रूपांतरित करण्याच्या हौसेतून येतात. बांधकाम मला बदलायचंच नाही, मग त्याचे तुकडे कशाला?

५.३० – ए-३वर प्रिंट काढली. शेठ आले, चष्मा वर करून मागच्या दाराकडच्या बाणावर बोट ठेवलं.

“इथं तर गाठी लावल्या हे आपन.”

१७० किलोची एकेक गाठ, दारासमोर थप्पी. फाइलीत ती कुठेच नव्हती.

“बाण काढून टाकू का?”

शेठनी मुकादमाला फोन लावला.