साखरेची अर्धी पारख

माल घ्यावा तो पारखून, हा बाजाराचा पहिला धडा आहे, आणि आमचा व्यापारीवर्ग तो विसरला आहे असा आरोप त्याचा शत्रूही करणार नाही. साखरेचेच पाहा. पोते दुकानात येताच दाणा एस-३० आहे की एम-३०, रंग शुभ्र आहे की पिवळट, ओल लागली आहे की काय, वजन पुरे भरते की नाही, हे सर्व डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते. पोत्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते, तेही वाचले जाते. कारण कोणत्या कारखान्याची साखर टिकते आणि कोणत्या कारखान्याची दमट हवेत गोळे धरते, हे अनुभवी दुकानदारास तोंडपाठ असते. इतकी बारीक पारख करणाऱ्या आमच्या बाजारात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ही साखर ज्या उसाची, तो ऊस कोणी तोडला आणि कोणत्या अटींवर तोडला? ज्या पारखीत हा प्रश्न येत नाही ती पारख अर्धीच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि उरलेली अर्धी कशी करावी, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

प्रथम ह्या अटी काय आहेत ते पाहू. दसरा-दिवाळी उलटली की बीड व आसपासच्या कोरडवाहू मुलखातून लाखो स्त्रीपुरुष पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या ऊसपट्ट्यात उतरतात, आणि पुढील पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोप्या उभारून राहतात. हंगाम सुरू होण्यापूर्वीच मुकादमाने त्यांस 'उचल' दिलेली असते. ही उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. ती ऊस तोडून फेडावयाची. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. परंतु उचल नवऱ्याच्या नावावर आणि हिशेबही त्याच्याच नावावर. जोडप्याखेरीज कोयता पुरा होत नाही, म्हणून मुलींची लग्ने कोवळ्या वयातच उरकली जातात. एखादा दिवस आजारपणात गेला तर 'खाडा' पडतो. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही खात्यावर चढतो. हंगाम सरेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढील हंगामावर जाते. कर्ज फेडण्यासाठी काम करावयाचे आणि काम संपले की घर चालविण्यासाठी पुन्हा कर्ज घ्यावयाचे, असे हे चक्र आहे. वेठबिगारी ह्या देशात १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. ह्या व्यवहारास कोणते नाव द्यावयाचे ते आमच्या सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

ह्या चक्रात सर्वांत अधिक भरडली जाते ती स्त्री. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांविषयीच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला, राज्य शासनाने समिती नेमली, आणि त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक! कारणे एकाहून अधिक आहेत. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, त्यामुळे जडणारे विकार आहेत. भीती घालून शस्त्रक्रिया करविणारे वैद्यकही आहेत. परंतु मासिक पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, हा हिशेबही त्यांत आहे, आणि तो त्या स्त्रियांनी आपल्या तोंडाने सांगितलेला आहे. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा नव्या उचलीतूनच भागवावयाचा. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी उसाच्या फडात सुटीचा वार अद्याप उगवलेला नाही.

आता व्यापाऱ्यास रुचेल अशा भाषेत, म्हणजे आकड्यांत बोलू. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनास सुमारे ३६६ रुपये झाला. उसाचा भाव ठरविताना सरकार १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरते. त्या हिशेबाने एक टन उसापासून सुमारे १०२ किलो साखर निघते. अर्थात एक किलो साखरेमागे तोडणारांच्या पदरात पडतात सुमारे साडेतीन रुपये, आणि तेही दोन माणसांत मिळून. मळी, चिपाड, मद्यार्क यांपासून कारखान्यास जे उत्पन्न होते ते आम्ही ह्या हिशेबात धरलेलेच नाही. धरले तर साखरेवर पडणारा मजुरीचा भार आणखी हलका होईल. तोडणीची मजुरी उद्या दुप्पट केली तर काय होईल? ४५ रुपयांच्या घरात मिळणारी साखर साडेअठ्ठेचाळीस रुपयांस मिळेल. महिन्यास चार किलो साखर लागणाऱ्या कुटुंबास १४ रुपये अधिक पडतील. पाचशे रुपये किलोच्या पेढ्यात पाव किलो साखर धरली, तर हलवायाचा खर्च किलोमागे रुपयानेही वाढणार नाही. ज्या अनर्थाची किंमत इतकी थोडी, तो केवळ आमच्या गाफीलपणामुळे चालू राहावा, याहून लाजिरवाणी गोष्ट दुसरी कोणती?

येथे कोणी म्हणेल, "आम्ही गिऱ्हाईक, आम्ही कोणास राबवीत नाही. मालक जाणे आणि मजूर जाणे." हा युक्तिवाद जुना आहे, आणि योगायोग असा की तो साखरेच्या बाबतीतच प्रथम मोडून निघाला. १७९१ साली ब्रिटिश पार्लमेंटाने गुलामांचा व्यापार बंद करण्याचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा विल्यम फॉक्स यांनी एक पत्रक काढून वेस्ट इंडीजची साखर सोडण्याचे आवाहन केले. घेणाराच चोरीस प्रवृत्त करतो, असा त्यांचा रोख होता. टॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ३ लाख लोकांनी ती साखर वर्ज्य केली. मतदानाचा अधिकार नसलेल्या स्त्रियांनी चहाच्या टेबलावरून आपले मत नोंदविले. गुलामांचा व्यापार बंद झाला १८०७ साली आणि साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला १८३३ साली. केवळ साखर सोडल्याने हे घडले असे आम्ही म्हणत नाही. परंतु गिऱ्हाईक हा निरुपद्रवी प्रेक्षक नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले. त्याच चळवळीत ईस्ट इंडियाची साखर गुलामांच्या श्रमाची नव्हे, अशी अक्षरे साखरदाण्यांवर रंगवून ती खपविली गेली. हिंदुस्थानातील ज्या शेतमजुराने तो ऊस कापला त्याचे कसे चालले आहे, हे विचारणारे मात्र थोडेच निघाले. भांड्यावरील अक्षरे वाचणे म्हणजे चौकशी करणे नव्हे, हा धडाही त्यातूनच घ्यावयाचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "आम्ही साखर टाकली तर ज्याच्यासाठी टाकली तोच उपाशी मरेल." हे आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही बहिष्कार सांगत नाही. कोरडवाहू मुलखातील माणसास कोयत्यावाचून गत्यंतर नाही तोवर साखर टाकणे म्हणजे त्याची चूल विझविणे होय. पण बहिष्कार आणि मौन यांच्यामध्ये पुष्कळ वाटा आहेत, आणि त्या व्यापाऱ्यालाच अधिक खुल्या आहेत.

ह्या बाबतीत इंग्लंडातील कॅडबरी पेढीचा दाखला मननीय आहे. ही पेढी क्वेकर पंथीयांची. मजुरांसाठी बोर्नव्हिलसारखी सुंदर वसाहत उभारणारी, सचोटीबद्दल नावाजलेली. पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावर जो कोको आपण घेतो तो गुलामांच्या श्रमाचा आहे, अशी वार्ता १९०१ साली तिच्या कानी आली. तिने चौकशी केली, माणूस पाठविला, सरकारांशी पत्रव्यवहार केला. परंतु तेथील खरेदी थांबविली ती १९०९ साली. मध्यंतरी एका वृत्तपत्राने तिच्यावर ढोंगीपणाचा आरोप केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पेढीची सरशी झाली. पण ज्यूरीने नुकसानभरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! आपल्या दारातील मजुरास चांगले वागविणाऱ्या सज्जनाचीही दृष्टी माल जेथून येतो तेथवर पोचण्यास किती विलंब लागतो, आणि त्या विलंबाची किंमत लोक काय ठरवितात, हे यावरून दिसते.

आमच्या देशात २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के लोककार्यासाठी खर्च करणे भाग पाडले आहे. तरतूद चांगली आहे. शाळा, दवाखाने, विहिरी होत असतील तर त्यांस कोण नाव ठेवील? तथापि नफा झाल्यावर त्याचा अंश दान करणे ही एक गोष्ट, आणि नफा मिळविताना कोणाचे रक्त आटते आहे ते पाहणे ही दुसरी. पहिलीने दुसरीची भरपाई होत नाही. आमचे व्यापारी धर्मशाळा बांधतात, पाणपोया घालतात. पण ज्या फडातून आपला माल आला त्या फडात पिण्याचे पाणी आहे काय, हे विचारणे ह्या दानधर्माच्या आधी येते.

सहकारी कारखान्यांनाही दोन शब्द ऐकविणे भाग आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. ही क्रांतीच होती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्याला ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्कही दिला. पण सहकाराचा हा मांडव पिकविणाराच्या बांधावर संपला. तोडणारा मांडवाबाहेरच राहिला. तो कारखान्याचा सभासद नाही, आणि मुकादम मध्ये असल्यामुळे तो आमचा नोकरही नाही, असे म्हणण्यास कारखाने मोकळे राहतात.

मग करावयाचे काय? घरोघरच्या गृहिणीने सुटी साखर घेताना कारखान्याचे नाव तिच्या दृष्टीस पडत नाही. ते पडते घाऊक व्यापाऱ्याच्या, हलवायाच्या, खानावळवाल्याच्या आणि सरबते व बिस्किटे करणाऱ्या कारखानदाराच्या. म्हणून पहिली जबाबदारी यांची. यांच्या संघांनी एकत्र येऊन प्रत्येक कारखान्यास पाच प्रश्न लेखी विचारावेत. तोडणीच्या प्रत्येक टोळीत किती स्त्रिया आहेत याची नावनिशी नोंद आहे काय? उचलीचा आणि वजनाचा हिशेब मजुरास लेखी मिळतो काय? आजारपणाच्या व बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा माफ आहे काय? वस्तीवर पाणी, शौचकूप आणि मुलांची सोय आहे काय? स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते काय? ज्याची उत्तरे चांगली त्याचा माल आधी उचलावा, आणि वाजवी असल्यास क्विंटलमागे चार पैसे अधिकही द्यावेत. मात्र ते मजुराच्या हाती पोचल्याचा हिशेब मागून द्यावेत. न मागितलेला हिशेब वाटेतच जिरतो, हे व्यापाऱ्यास आम्ही सांगावयास नको.

ग्राहकांचे काम याहून सोपे आहे. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने घरोघरच्या लोकांस एकत्र खरेदीची सवय लावली आहे. अशा ठिकठिकाणच्या मंडळांनी, भिशीच्या गटांनी, गृहनिर्माण संस्थांनी दुकानदारास एवढेच विचारावे, "ही साखर कोणत्या कारखान्याची, आणि त्याची उत्तरे आली काय?" एका गिऱ्हाइकाने विचारले तर दुकानदार हसेल, दहांनी विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्यास विचारील, आणि घाऊक व्यापाऱ्याने विचारले म्हणजे कारखान्यास बोलावे लागेल. बाजारात प्रश्न असाच वर चढतो.

कायदा आहे, न्यायालयही जागे आहे. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या दुःस्थितीची स्वतःहून दखल घेतली. परंतु निरीक्षक फडावर वर्षातून एकदा जाईल की नाही याची शंका, आणि बाजार मात्र रोज उघडतो. येत्या संक्रांतीस आपण एकमेकांच्या हातावर तिळगूळ आणि हलवा ठेवू तेव्हा हंगाम ऐन भरात असेल, आणि पहाटेच्या थंडीत एखादी स्त्री पोटात दुखत असताही मोळी उचलीत असेल. कारण आज बसली तर खाडा पडेल. तिचा तो खाडा माफ व्हावा एवढे तरी आमच्या बाजाराने ह्या हंगामात मिळवून दाखवावे. दाण्याची पारख करणाऱ्यांस हे अशक्य आहे असे आम्हांस वाटत नाही.