‘अगं, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही’

(एपिसोडचा लेखी मजकूर. अडखळणं आणि मधेच वाजलेली कुकरची शिट्टी काढली आहे, बाकी जसं बोलले तसं.)

आज पाहुणे वगैरे कुणी नाहीत, मी एकटीच आहे. आणि आजचा विषय माझ्या मामांचा आहे. त्यांची परवानगी घेतलीय, फक्त ‘माझं नाव नको घेऊस’ म्हणाले.

मामा सांगलीला असतात. रिटायर्ड आहेत, पण मोबाइलच्या बाबतीत अजिबात भोळे नाहीत. लॉटरी लागल्याचा मेसेज आला की हसून डिलीट करतात. एका संध्याकाळी शेजारच्या काकांच्या नंबरवरून त्यांना व्हॉट्सअॅपवर एक फाइल आली. नाव होतं ‘आरटीओ ई-चलान’ आणि शेवटी ‘डॉट एपीके’. आदल्याच आठवड्यात मामांनी एक सिग्नल जरा घाईत ओलांडला होता, त्यामुळे मनात पाल चुकचुकलीच. फाइल उघडली. फोनने काहीतरी इशारा दिला, मामांनी ‘तरीही इन्स्टॉल करा’ दाबलं. अॅपने एसएमएसची परवानगी मागितली, ती दिली. पाचशे रुपये दंड दिसला, कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘सर्व्हर बिझी’ असं आलं. सरकारी साइट म्हटल्यावर यात नवल ते काय! मामा फोन चार्जिंगला लावून जेवायला बसले.

जेवण होईपर्यंत खात्यातून २५ हजार आणि २७ हजार असे दोन व्यवहार झाले होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत काउंटरवरच्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, ‘काका, तुम्हीच कुणाला तरी ओटीपी दिला असणार.’ मामा मला फोनवर पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, ‘अगं, मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही.’ पैशांपेक्षा ते वाक्य त्यांना जास्त लागलं होतं. आणि मंडळी, मामा खरं बोलत होते. ओटीपी त्यांनी सांगितला नव्हता. तो त्यांनी बघितलाही नव्हता.

आता हे कसं होतं ते बघू. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅप आपापल्या खोलीत राहतं. एका अॅपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही, म्हणून तुमचं गेमिंग अॅप बँकेच्या अॅपमधलं काही वाचू शकत नाही. पण एसएमएस म्हणजे वाड्यातली सामाईक ओसरी. ज्याला परवानगी मिळाली, त्याला तिथे आलेली सगळी पत्रं वाचता येतात. फक्त त्याच्या कामाची नाही, सगळी. बँकेचा ओटीपी, व्हॉट्सअॅपचा कोड, गॅस बुकिंगचा मेसेज, सगळंच.

मी बी.टेक.ला असताना खर्चाचा हिशोब ठेवणारं एक अॅप बनवलं होतं. बँकेचे मेसेज वाचून महिन्याचा खर्च दाखवायचं. मेसेज आला की तो उचलून दुसरीकडे पाठवायचा, एवढ्या भागाला वीस-पंचवीस ओळींचा कोड पुरला होता. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलेलं. मामांच्या फोनमधलं ते अॅप मुळात हेच करत होतं. पलीकडे बसलेल्या माणसाकडे कार्डाचे आकडे होतेच. त्याने खरेदी सुरू केली, ओटीपी मामांच्या फोनवर आला आणि त्याच क्षणी त्याच्याकडे पोचला.

मग व्हॉट्सअॅपवरून फाइलच का पाठवतात, प्ले स्टोअरवर अॅप का टाकत नाहीत? कारण २०१९ पासून गूगलने तिथे एसएमएस वाचणाऱ्या अॅप्सवर कडक बंधनं घातली आहेत. काही मोजके अपवाद सोडले तर ज्या अॅपचं कामच मेसेज दाखवणं आहे, त्यालाच ही परवानगी मागता येते. म्हणून मागच्या दाराने यायचं. कधी चलान, कधी लग्नपत्रिका, कधी ‘वीजबिल थकलंय’. (आयफोनवाल्यांनो, तुमच्याकडे दुसऱ्या अॅपला मेसेज असे वाचता येत नाहीत. पण म्हणून कार्डाचे आकडे खोट्या पानावर टाकू नका.)

आणि शेजारच्या काकांनी ती फाइल पाठवली कशी? त्यांनी पाठवलीच नव्हती. त्यांचाही फोन असाच गेला होता. नव्या फोनवर व्हॉट्सअॅप सुरू करायला सहा आकडी कोड एसएमएसने येतो. तो कोड वाचता आला की काकांचं व्हॉट्सअॅप चोराच्या हातात, आणि मग काकांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना ‘चलान’. त्यामुळे ‘अनोळखी नंबरवरची लिंक उघडू नका’ हा सल्ला इथे निम्माच कामाचा आहे. फाइल ओळखीच्याच माणसाकडून येते. खरं चलान कधीच एपीके म्हणून येत नाही. शंका असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर किंवा परिवहनच्या साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका आणि बघा.

आता फोन हातात घ्या. ऐकता ऐकता करा, मी थांबते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’, त्यात ‘परमिशन मॅनेजर’, त्यात ‘एसएमएस’. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतील, सेटिंग्जमध्ये वर सर्च करा. तिथे जी यादी दिसेल त्यातल्या प्रत्येक अॅपला विचारा, बाबा रे, तुला माझी पत्रं कशाला हवीत? यूपीआयच्या अॅपचं कारण समजू शकतं, ते तुमचं सिम पडताळायला मेसेज पाठवतं. फोटो सुंदर करणाऱ्या अॅपला काय कारण आहे? काढून टाका. मग ‘इन्स्टॉल अननोन अॅप्स’ शोधा आणि तिथे व्हॉट्सअॅप आणि क्रोमसमोरचं बटण बंद करा. आणि व्हॉट्सअॅपमध्ये ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा पिन लावा, म्हणजे नुसता एसएमएसचा कोड चोराला पुरणार नाही. आईबाबांच्या फोनमध्येही हे तुम्हीच करा. त्यांना व्हिडिओ फॉरवर्ड करून काही होत नाही, शेजारी बसावं लागतं.

आणि चुकून इन्स्टॉल झालंच तर? आधी इंटरनेट तोडा, एअरप्लेन मोड लावा. मग दुसऱ्या फोनवरून १९३० ला कॉल करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. चोराचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात. तक्रार लवकर गेली तर वाटेतलं एखादं खातं गोठवता येतं. लगेच बँकेला सांगून कार्ड ब्लॉक करा आणि तक्रार नंबर लिहून ठेवा, वेळेसकट. अॅपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब झालेलं असू शकतं, म्हणून सेटिंग्जमधल्या अॅप्सच्या यादीत शोधून काढा. खात्री वाटत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट.

ती वेळ लिहून ठेवणं मामांच्या कामी आलं. त्यांनी रात्री ९.४० ला बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं होतं. १०.०५ ला आणखी साडेनऊ हजार गेले! रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे. त्यानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. शिवाय ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचं ओझंही बँकेवरच आहे. काउंटरवर हे कुणी सांगत नाही हो. आम्ही लेखी अर्ज दिला, परिपत्रकाची तारीख टाकली, ९.४० च्या कॉलचा स्क्रीनशॉट जोडला. साडेनऊ हजार परत आले. (बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.) १९३० मुळे एका खात्यात १८ हजार अडकले होते, ते काही महिन्यांनी कोर्टामार्फत मिळाले. बाकीचे ३४ हजार गेले ते गेलेच.

मागच्या महिन्यात मी सांगलीला गेले होते. मामांनी काही न बोलता फोन माझ्यापुढे ठेवला. एसएमएसची परवानगी असलेल्या अॅप्सची यादी उघडलेली होती, त्यात चार नावं होती. म्हणाले, ‘यातलं तिसरं कशाला लागतं ते सांग, नाहीतर काढतो.’ तिसरं मलाही ओळखू येईना. काढलं.